रिठदला मुक्कामाची गाडी

वाशिमहून रिसोडकडे निघाले की वाटेत रिठद लागते. इकडची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी, थंडीत हरभरा नि गहू. पुढे रिसोडवरून लोणारच्या सरोवराकडे जाता येते. जानेवारीत थोरल्या दादांकडे हुळा खायला गेलो होतो, तेव्हा आमचा भाचा पुण्याहून लोणार पाहायला निघालेला. आला तो चालते घर घेऊनच! गाडीत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, फ्रीज आणि थंड हवेचे यंत्रही. तिला कॅरव्हॅन म्हणतात. अशा पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये धोरण आणले. कृषी पर्यटनाचे धोरण २०२० चे. उद्या अशी गाडी तुमच्याही दारी मुक्काम मागेल, म्हणून त्या संध्याकाळची हकीकत सांगतो.

गाडी वावरात विहिरीजवळच्या निंबाखाली लागली. भाच्याने वायर काढली आणि विचारले, "मामा, लाइन कुठून घेऊ?" दादांच्या सालदाराने मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडली. "एक फेज इथून घ्या अन् दुसरी तार सब्बलीले गुंडाळून जमिनीत ठोका. लागला लाइट!" आपल्यापैकी अनेकांनी असा लाइट लावला आहे. मीही सब्बल आणायला उठलो.

तेवढ्यात शेजारच्या वावरातले निवृत्त लाइनमन धुऱ्यावरून ओरडले, "थांबा बाप्पा! लाइट लागते, पण माणूस जाते."

त्यांनी खाली बसून समजावले, ते असे. घरची वीज २३० व्होल्टची. ती फेजने येते आणि न्यूट्रलने परत जाते. अर्थिंगची तार नुसती राखण करायला असते. सब्बलीलाच न्यूट्रल केले, तर सगळा करंट मातीत उतरतो आणि सब्बलीभोवतीची जमीनच जिवंत होते. बैलाचे पुढचे नि मागचे पाय लांब असतात. त्याचे दोन पाय सब्बलीच्या जवळ आणि दोन दूर पडले, की करंट त्याच्या अंगातून जातो. माणूस वाचतो तिथे जनावर दगावते. आणि स्टार्टरमधले चुकून दोन फेज जोडले, तर चारशेच्या वर व्होल्ट येऊन गाडीतले सामान जळते. शिवाय शेतीपंपाची जोडणी पंपासाठीच असते, आणि तारेवर आकडा टाकणे हा २००३ च्या वीज कायद्याने गुन्हा आहे.

"पण गाडी तर रबराच्या चाकावर उभी आहे. मग भीती कशाची?" भाच्याने विचारले.

"तीच तर भीती," लाइनमन म्हणाले. गाडीत एखादी वायर सोलून पत्र्याला लागली, तर करंटला जमिनीत जायला वाट नसते. फ्यूज उडत नाही, दिवा विझत नाही. पत्रा मुकाट्याने जिवंत राहतो. मग कोणी भांडी घासून ओल्या हाताने दाराची कडी धरली, की करंटला वाट मिळते ती त्या माणसातून. वहिनी तेव्हा विहिरीवर भांडीच घासत होत्या. कोणी काही बोलले नाही. मी सब्बल जागेवर ठेवून आलो.

गाडी गावात घरच्या अंगणात आणली. वर लोंबणारी सर्व्हिस वायर टपाला लागत नाही ना, हे आधी पाहिले. दादांच्या मीटरच्या बोर्डावर १६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट होता. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ होते, पण उन्हाळ्याआधीच माती कोरडी पडलेली. लाइनमननी दोन बादल्या पाणी ओतायला लावले. करंट गळाला की क्षणात लाइन तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळही बोर्डावर होती. दुकानात तिला आरसीसीबी म्हणतात. साधी एमसीबी वायर वाचवते, ही माणूस वाचवते. तिचे 'टेस्ट' बटण दाबले, तशी ती खटकन पडली. म्हणजे ठीक.

मग क्रम. गाडीतली सगळी बटणे बंद, बोर्डाचेही बंद. वायर तीन तारांची, तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची. ती पूर्ण उलगडायची, कारण गुंडाळी तशीच ठेवली तर तापून वितळते. आधी गाडीकडचे टोक लावायचे, मग बोर्डाकडचे, शेवटी बटण. गाडीला हात लावण्याआधी पत्र्यावर टेस्टर टेकवायचा. काढताना उलट: बटण बंद, बोर्डाची पिन, मग गाडीची. आधी गाडीकडचे टोक काढले, तर जिवंत टोक हातात राहते.

हिशेबही सोपा. १६ अँपिअर गुणिले २३० म्हणजे ३,६८० वॅट. त्यात २,००० चा गिझर आणि १,८०० चे हवेचे यंत्र एकदम चालत नाही. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तर १,३८० च. "एका बैलावर दोन बैलांचं ओझं नोका टाकू," लाइनमन म्हणाले.

सकाळी पोरे लोणारकडे निघाली. वहिनींनी हुळ्याची पिशवी देताना त्याच दाराची कडी धरली, आणि माझ्या छातीत क्षणभर धस्स झाले.

गाडी मोटारीचीच असते असे नाही. दिंडीचा ट्रक, ऊसतोडीची कोपी, लग्नाचा मांडव, सगळ्यांना हाच नियम. पाहुण्याला भाकरी द्या, पाणी द्या, लाइटही द्या. पण मीटरवरून आणि अर्थिंगसकट द्या.