डोकावणे

दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, हा संस्कार आम्ही आईच्या हातचे धपाटे खाऊन घेतला. शेजारचे दार सताड उघडे असले तरी नजर जमिनीवर ठेवून पुढे जायचे, हे अंगवळणीच पडले. आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षी चौदा वर्षांच्या पुतण्याने मला उलटा धडा दिला: जो डोकावत नाही, तो हरतो!

हा धडा मिळाला तो संगणकावरच्या एका खेळात. ‘एज ऑफ एम्पायर्स’ हे त्याचे नाव. त्याचा दुसरा भाग १९९९ साली निघाला आणि आजही लोक तो आवडीने खेळतात. बुद्धिबळासारखाच काही प्रकार असेल असे समजून मी बसलो आणि फसलो. बुद्धिबळात सगळा पट डोळ्यांपुढे असतो, आणि समोरचा आपल्या खेळीसाठी थांबतो. इथे कोणी कोणासाठी थांबत नाही. माझी माणसे लाकडे तोडीत असतात त्याच क्षणी त्याचीही माणसे कुठेतरी काहीतरी करीत असतात. शिवाय पट काळाकुट्ट! मधोमध चावडीसारखी एक इमारत, तीन गावकरी आणि एक घोडेस्वार, एवढ्यापुरताच उजेड. स्वार जिकडे जाईल तिकडचा मुलूख दिसू लागतो.

माझा स्वार आसपासची मेंढरे हुडकून आणी, मनात आलेच तर पुतण्याच्या गावावरून एक चक्कर मारी, आणि मग मी त्याला चावडीपाशी उभा करून टाकी. घोडा दमला असेल, असे मला वाटे म्हणा ना! पुतण्याचा स्वार मात्र सदैव माझ्या वस्तीभोवती घिरट्या घालीत असे. मला तो अगोचरपणा वाटे. गंमत अशी, की मी शाळेत इतिहास शिकवतो. १६६४ सालच्या सुरतेच्या मोहिमेआधी तिथली बातमी काढणाऱ्या बहिर्जी नाइकांचा धडा आला, की दरवर्षी माझा आवाज चढतो.

एका रविवारची गोष्ट. आदल्या डावात पुतण्याच्या घोडदळाने मला तुडवले होते, म्हणून या वेळी मी भालाईत उभे केले. भालाईत घोड्याला भारी पडतो. दारावर दहा भालाईत ठेवून मी ऐटीत वाट पाहत बसलो. आले ते तिरंदाज! माझे वीर त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच आडवे झाले.

“काका, आज मी घोडे केलेच नव्हते,” पुतण्या फोनवर म्हणाला. “माझी माणसं सोन्याच्या खाणीवर होती. सुरुवातीच्या घोडेस्वाराला नुसतं अन्न लागतं, तिरंदाजाला लाकूड आणि सोनं लागतं. मी सोनं खणताना दिसलो, की तुम्ही भालाफेके करायचे. ते तिरंदाजांना भारी.”

“अरे, पण मी तुझं गाव पाहून गेलो होतो की!”

“एकदा बघून भागत नाही, काका. घोडा निघून गेला की धुकं येतं. त्या धुक्यात तुम्हाला मागच्या वेळी बघितलेलीच घरं दिसत राहतात. मधे मी काय बांधलं, ते नाही दिसत.”

हे ऐकून मी गप्प झालो. कारण त्या वेळी माझ्या टेबलावर वकिलांना लिहिलेले एक पत्र पडले होते, आणि ते ज्यांच्याविरुद्ध होते ते या पोराचे वडील, माझे थोरले बंधू होते.

गावाकडच्या घराच्या परसावरून दादांशी माझे बोलणे बंद झाले, त्याला तीन वर्षे झाली होती. पोराच्या खेळावर मात्र दोन्ही घरांनी बंदी घातली नव्हती. त्या आठवड्यात गावाहून आलेल्या एकाने सांगितले, की दादांनी परसात विटा आणि वाळू आणून टाकली आहे. कादंबरी लिहिणाऱ्याला आणखी काय हवे? दादा कुठवर भिंत घालणार, माझे नाव निघताच कसे हसणार, सगळे मी एका रात्रीत रचले. माझ्या कादंबरीतली माणसे मी म्हणेन तशी वागतात. त्या सवयीने मी दादांनाही पात्र करून टाकले होते. तीन वर्षांपूर्वी भांडणाच्या दिवशी दिसले, तसेच ते माझ्या धुक्यात उभे होते.

पुढल्या रविवारी पत्र खिशात घालून मी एस.टी. धरली.

सगळे गोड निघाले असे लिहिले तर दिवाळी अंकाला शोभेल, पण ते खरे होणार नाही. भिंत उठत होती, आणि माझ्या बाजूला चांगली वीतभर आली होती. मात्र ती परस बळकावण्याची भिंत नव्हती. मागच्या दारालगत न्हाणीघर आणि संडास बांधायचे चालले होते. दादा पायरीवर बसले होते. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. परसाच्या टोकाच्या जुन्या संडासापर्यंत चालणे त्यांना होत नव्हते. मला हे कोणी सांगितले नव्हते. मी तरी कोणाला विचारले होते?

“कशाला आलास?” ते म्हणाले.

“बघायला.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग आत हाक मारून म्हणाले, “अगं, ऐकलंस का? चहा टाक. दोन कप.”

चहा झाल्यावर आम्ही दोघांनी टेप धरून मोजले. माझ्या मते साडेनऊ इंच भरले, दादांच्या मते साडेआठ. तो वाद अजून मिटलेला नाही. पण आता वाद इंचांचा आहे, अख्ख्या परसाचा नाही. पत्र माझ्याच खिशातून घरी परत आले.

परवा पुतण्याने मला पुन्हा हरवले. या वेळी माझा स्वार शेवटपर्यंत फिरत होता, आणि त्याची तटफोडी यंत्रे निघालेली मला बरीच आधी दिसली. दिसूनही थोपवता आली नाहीत, ही गोष्ट वेगळी.

“काका, आज तुम्ही बघत होतात!” पोर खुशीत म्हणाले.

त्याच्या मागून दादांचा आवाज ऐकू आला, “हरला का रे पुन्हा?”