न बोलावता येणारा पाहुणा : शार्क पाहण्यासाठी कोठे जावे?

गेल्या वर्षी माझी धाकटी कन्या सी.ए.ची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाली. मोठे यश मिळाले म्हणजे मुलांच्या पसंतीची एक सहल, अशी आमच्या घरची रीत आहे. थोरल्याने काश्मीर निवडले होते. धाकटीने एका कागदावर चार नावे लिहून तो माझ्यापुढे ठेवला : दक्षिण आफ्रिकेतील गान्सबाय, फिजीतील बेका, मालदीवमधील फुवामुला आणि मालदीवमधीलच वावू. चारही ठिकाणी समुद्रात उतरून शार्क पाहता येतात. बार्शीच्या बाजारात धान्याची अडत करण्यात पस्तीस वर्षे घालविलेल्या माणसाला हा कागद वाचून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

भीतीचा प्रश्न त्यामानाने लवकर मिटला. स्कूबा डायव्हिंगचे पहिले धडे तिने मालवणजवळच्या तारकर्लीस घेतले होते. पुढे तिने प्रमाणपत्राच्या दोन पायऱ्या रीतसर पूर्ण केल्या. पहिली १८ मीटर खोलीपर्यंतची आणि दुसरी ३० मीटरपर्यंतची. तिने मला आकडेही दाखविले. शार्कने आपण होऊन केलेल्या हल्ल्यांत साऱ्या जगात वर्षाला दगावणारी माणसे बहुधा दहाच्या आत असतात. माणसाच्या हातून मरणाऱ्या शार्कची संख्या मात्र कोट्यवधींत आहे. कोकणच्या बाजारात मुशी किंवा मोरी म्हणून जो मासा विकला जातो, तोही शार्कच होय, हे मला तेव्हाच समजले.

खरा प्रश्न विचारला तो माझ्या मातोश्रींनी. सामायिक आटोपून त्या बैठकीत आल्या, सर्व बोलणे ऐकले आणि म्हणाल्या, “त्या माशाला जवळ बोलावण्यासाठी दुसरे मासे मारतात का रे?”

घरात कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही ते शोधू लागलो आणि त्या एका प्रश्नाने चार नावांचा कागद सरळ दोन रकान्यांत विभागला गेला.

शार्कचे घ्राणेंद्रिय फार तीक्ष्ण असते. याचाच उपयोग करून अनेक ठिकाणी त्याला बोलावले जाते. गान्सबाय येथे पर्यटकांना लोखंडी पिंजऱ्यातून पाण्यात उतरवितात आणि ग्रेट व्हाइट शार्कला आकर्षित करण्यासाठी माशांचे तेल व चुरा समुद्रात सोडतात. तेथे २०१७ साली ओर्का नावाच्या शिकारी देवमाशांनी काही ग्रेट व्हाइट मारले. त्यानंतर त्यांचे दर्शन पूर्वीसारखे हमखास राहिलेले नाही. मेक्सिकोचे ग्वादालुपे बेट अशाच पिंजऱ्यांसाठी प्रसिद्ध होते. २०२३ च्या आरंभी तेथील सरकारने हे पर्यटनच बंद केले. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने आपल्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात डायव्हिंग करताना शार्कना खाऊ घालण्यास बंदी केली, तिलाही वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. फुवामुला बेटाजवळ टायगर शार्क वर्षभर दिसतात. तेथील बंदरात मासळीचे टाकाऊ भाग समुद्रात टाकले जात, त्यावर हे शार्क जमू लागले. आता डायव्हिंगच्या वेळी टुना माशाची डोकी ठेवून त्यांना बोलावतात.

आपल्या भाषेत ‘आमिष’ या शब्दाचा एक अर्थ मांस आणि दुसरा अर्थ लालूच. येथे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

तथापि, एकांगी निवाडा करणे योग्य नव्हे. फिजीच्या बेका खाडीत बुल शार्कना माशांची डोकी भरविली जातात, हे खरे. परंतु तेथील शार्क रीफ हे २००४ पासून राखीव क्षेत्र आहे. किनाऱ्यावरील गावांनी त्या खडकावरील मासेमारीचा आपला परंपरागत हक्क सोडला आणि त्याच्या मोबदल्यात प्रत्येक डायव्हरकडून घेतलेली रक्कम गावांना मिळते. भरविण्याच्या या प्रथेमुळेच तेथे शार्क आणि इतर मासे दोन्ही वाचले, असे म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. मातोश्रींना मी हेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “त्यांचे त्यांना बरोबर असेल. आपण मात्र जेथे तो आपणहून येतो तेथे जावे.”

तशी ठिकाणेही जगात पुष्कळ आहेत. फ्रेंच पॉलिनेशियातील फाकारावा येथे दक्षिणेकडील समुद्रमार्गात करड्या रंगाचे शेकडो रीफ शार्क राहतात. जून-जुलैच्या सुमारास अंडी घालण्यासाठी ग्रूपर मासे तेथे जमतात आणि त्यांच्या मागे शार्क. कोस्टा रिकाच्या कोकोस बेटाभोवती हातोड्याच्या आकाराच्या डोक्याचे हॅमरहेड शार्क थव्याने फिरतात; पण तेथे पोहोचण्यास बोटीने दीड दिवसाच्या आसपास लागतो. पॅसिफिक महासागरातील पलाऊ या चिमुकल्या देशाने २००९ मध्ये आपली सारी सागरी हद्द शार्कसाठी अभयारण्य म्हणून घोषित केली. असे करणारा तो जगातील पहिला देश. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, मालदीवने आपल्या संपूर्ण सागरी हद्दीत शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली.

यामागील हिशेब व्यापाऱ्याला चटकन पटण्यासारखा आहे. मालदीवमध्ये १९९०च्या दशकाच्या आरंभी एक अभ्यास झाला. करडा रीफ शार्क पकडल्यास मच्छिमाराला एकदाच सुमारे ३२ डॉलर मिळत. तोच शार्क डायव्हिंगच्या ठिकाणी जिवंत राहिला, तर पर्यटनातून वर्षाला सरासरी ३,३०० डॉलर मिळवून देई. पलाऊबाबतच्या २०१०च्या आसपासच्या अभ्यासात एका शार्कचे आयुष्यभराचे मोल १९ लाख डॉलर धरले गेले. मुद्दल मोडून खाणारा आणि व्याजावर नांदणारा, यांतील फरक आपल्या पेढ्यांवर लहान मुलालाही शिकवितात. आपल्याकडेही गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची मोठ्या प्रमाणात शिकार होत असे. २००१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि २००४ पासून मोरारीबापूंनी, हा मासा माहेरी येणाऱ्या लेकीसारखा आहे, असे सांगून मच्छिमारांची मने वळविली. तेव्हापासून जाळ्यात सापडलेला व्हेल शार्क जाळे कापून सोडून दिला जातो. २०१५ मध्ये भारत सरकारने शार्कच्या परांच्या निर्यातीवरही बंदी आणली.

अखेरीस वावू ठरले. मुंबईहून मालेपर्यंत विमानाचा प्रवास सुमारे तीन तासांचा, भारतीयांना आगाऊ व्हिसाची गरज नाही आणि पुढे वेगवान बोटीने दीड-दोन तासांत वावू. ॲटॉल म्हणजे प्रवाळाचे कंकण. या कंकणात जागोजागी खिंडी असतात. त्यांना तेथील दिवेही भाषेत ‘कंदू’ म्हणतात. वावूतील एका खिंडीचे नावच ‘मियारू कंदू’, म्हणजे शार्कची खिंड. साधारणतः जानेवारी ते एप्रिल या काळात समुद्राचा प्रवाह पूर्वेकडील खिंडींतून आत शिरतो. बाहेरचे नितळ पाणी आत येते, त्या पाण्याच्या तोंडाशी लहान मासे जमतात आणि त्यांच्यासाठी करडे रीफ शार्क येऊन थांबतात. डायव्हर खिंडीच्या कडेवरील मृत खडकात आकडी अडकवून, प्रवाहात पतंगासारखा स्थिर राहून पाहत असतो. तेथे बोलावणारा कोणी नसतो. भरती-ओहोटीचे वेळापत्रकच काय ते असते. म्हणूनच तेथे खात्री नसते.

आम्ही फेब्रुवारीत निघालो. सामानात मेथीचे खाकरे, मुगाच्या डाळीचे पाकीट आणि लहान विजेची शेगडी होती. मालदीवमध्ये पूजेसाठी मूर्ती नेण्यास मनाई असल्यामुळे प्रतिमा घरीच ठेवली. अतिथिगृहाच्या स्वयंपाक्याला कांदा-बटाट्याविना भाजी म्हणजे काय, हे पहिल्या दिवशी समजावून सांगावे लागले. दुसऱ्या दिवसापासून त्याने ते आनंदाने केले. तेथे सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो, त्यामुळे साडेपाचला पाने मांडली जात. शेजारच्या पानांत टुना असे, हे लपविण्यात अर्थ नाही. तो त्या लोकांचा शेकडो वर्षांचा आहार आहे आणि आम्ही त्यांचे पाहुणे होतो.

मी पाण्यात उतरलो नाही. धोणी नावाच्या होडीत बसून पाण्यावर येणारे बुडबुडे मोजणे, एवढेच माझे काम. पहिल्या दिवशी कन्या दोनदा उतरली; प्रवाह उलटा होता, पाणी गढूळ होते, शार्क दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दूरवर एक सावली तेवढी गेली. सहलीवर झालेला खर्च माझ्या डोळ्यांपुढे येऊ लागला.

त्या संध्याकाळी मार्गदर्शकाने सांगितले, की जवळच्या एका धक्क्यावर अंधार पडल्यावर नर्स शार्क हमखास दिसतात. स्वयंपाकघरातील मासळीचे टाकाऊ भाग तेथे टाकले जात असल्यामुळे त्यांना सवय झाली आहे. जीव मारून मुद्दाम टाकलेला नव्हे, उरलेलेच. कन्येने माझ्याकडे पाहिले. “पप्पा, आजीला कोण सांगणार आहे?”

मी एवढेच म्हणालो, “सहल तुझी आहे, ठरव तू.” खरे सांगायचे तर तिने ‘जाते’ म्हटले असते, तर मी अडविले नसते. उरलेले टाकण्यात हिंसा किती आणि नाही किती, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ती पोहण्याचा पोशाख मांडीवर घेऊन बराच वेळ धक्क्यावर बसून राहिली. बोट निघून गेली. जेवताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी भरतीची वेळ सकाळची होती. ती उतरली आणि मी घड्याळ पाहू लागलो. पंचेचाळीस मिनिटांनी प्रथम नारिंगी फुगा वर आला आणि मग ती. मुखवटा काढण्यापूर्वीच तिने दोन्ही हातांची बोटे दाखविली. मग एक हात पुन्हा उघडला. पंधरा! खिंडीच्या तोंडाशी ते वर-खाली होत प्रवाहावर नुसते तरंगत होते, असे तिने नंतर सांगितले. “आम्ही तेथे आहोत की नाही, याच्याशी त्यांना काही देणेघेणेच नव्हते, पप्पा.” हे सांगताना तिच्या स्वरात तक्रार नव्हती.

ज्या कुटुंबांतील मुले अशा सहलीचा हट्ट धरतील, त्यांच्यासाठी आमच्या अनुभवातून काही सूचना. पैसे भरण्यापूर्वी संचालकाला तीन प्रश्न लेखी विचारावेत : शार्कला बोलावण्यासाठी काय वापरता? त्या देशात शार्कच्या मासेमारीस बंदी आहे काय? न दिसल्यास काय? “शंभर टक्के दिसतील” असे उत्तर आले, तर कसे दिसतील ते पुन्हा विचारावे. मुलाच्या प्रमाणपत्राची पायरी आणि ठिकाणची खोली यांचा मेळ बसतो का, हे पाहावे. प्रवाहाच्या खिंडी नवशिक्यासाठी नाहीत. साध्या प्रवासविम्यात डायव्हिंग बहुधा धरलेले नसते, तेव्हा वेगळा विमा घ्यावा. अनेक दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत; अन्यथा शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते. आम्ही परतीचा शेवटचा दिवस त्यासाठी मोकळा ठेवला होता.

घरी परतल्यावर मातोश्रींनी चित्रफीत पाहिली. निळ्या पाण्यात काही करड्या आकृती, एवढेच तीत दिसत होते. त्यांनी विचारले, “आपणहून आले होते?” कन्या म्हणाली, “हो आजी. दोन दिवस आलेच नव्हते.” धक्क्यावरच्या संध्याकाळची गोष्टही मग तिने स्वतःच सांगितली. मातोश्रींनी तिच्या डोक्यावरून हात फिरविला आणि चौविहाराची वेळ होत आली आहे, याची सर्वांना आठवण करून दिली.