जिन्यातला दोर

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा जिना उभा आणि अंधारा. लाकडी पायऱ्या पावलांनी मधोमध खोलगट झालेल्या. वरच्या तुळईला बांधलेला एक जाड दोर भिंतीकडेने खाली सोडलेला. लहानपणी मी त्याला लोंबकळायची आणि आई ओरडायची, "अगं, तो खेळायला नाही, धरायला आहे!"

आता त्याच दोराला धरून 81 वर्षांची आई वर चढते. दर पायरीला क्षणभर थांबते, श्वास घेते, तुळईकडे बघते आणि पुढचं पाऊल टाकते.

बाबा गेले त्या वर्षी पुण्याहून येऊन मी तिची खाट खालच्या खोलीत हलवली. वरचं देवघर, सकाळचं ऊन येणारी खिडकी, तुळशीची कुंडी, सारं एका दुपारी तिच्यापासून तोडलं. ती काही बोलली नाही. चार दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "पाय माझे आहेत ना? मग मला विचारायचं तरी."

मग मी विचारलं. तिनं घर दाखवलं, तिच्या डोळ्यांनी. दिवेलागणीला शेवटची पायरी जमिनीत मिसळून जाते. न्हाणीतून बाहेर पडताना पायपोस सरकतो. दिव्याचं बटण दाराआड आहे, तिथवर अंधारातच जावं लागतं. ती वर्षानुवर्षं ओळखून असलेल्या या जागा मला एकदाही दिसल्या नव्हत्या. आम्ही पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा ओढला, न्हाणीत आधाराची दांडी बसवली, पायपोस काढला, बटण पलंगाशी आणलं. खाट पुन्हा वर गेली.

डॉक्टरांनी सांगितलं, झोपेतून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि तोल जातो, म्हणून आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मगच उभं राहायचं. वय वाढतं तशी तहानही कमी जाणवते, म्हणून उशाशी तांब्या. तो रिकामा झाला की आई आता स्वतःच हाक मारते, "पाणी संपलं गं!" त्या हाकेत तक्रार नसते, हक्क असतो, आणि तो ऐकून मला बरं वाटतं.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं. वस्त्यांमध्ये मगरी शिरल्याच्या बातम्या येत होत्या. आईचा फोन लागत नव्हता. पुण्यात मी रात्रभर जागी. पहाटे शेजारच्या काकींचा आवाज आला, "चिंता ना करती, बा मजामां छे." त्या बॅटरी आणि खिचडी घेऊन रात्रीच वर गेल्या होत्या, त्याच दोराला धरून. त्यानंतर फोनशेजारच्या कागदावर मी ठळक आकड्यांत त्यांचा नंबर लिहिला आणि खाली ज्येष्ठांची हेल्पलाइन, 14567.

काकी आईपर्यंत गेल्या, तशी याच शहरात कधीकाळी पुस्तकंही लोकांपर्यंत गेली होती. 1910 मध्ये महाराज सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरू लागल्या. ज्याला वाचनालयापर्यंत येता येत नाही, त्याच्यापर्यंत पुस्तकानं जावं, हा विचार आईला फार आवडतो. आता काकींची नात तिच्यासाठी पुस्तकं आणते आणि परत नेते. मोठ्या दिव्याखाली आई वाचते आणि दुसऱ्या दिवशी त्या पोरीला गोष्ट सांगते.

मी दर महिन्याला येते. सकाळी आम्ही कमाटीबागेत जायला निघतो. जिना उतरताना मी आईच्या एक पायरी खाली असते, तिच्याकडे तोंड करून. हात पुढे करावासा फार वाटतो, पण मी तो जवळच ठेवते. तिच्या मुठीत दोर आहे. ती पांढऱ्या पट्ट्याकडे बघते, पाऊल ठेवते, थांबते. मीही थांबते. बाहेर रस्त्यावर दूधवाल्याची सायकल वाजते. "चल, उतर," आई म्हणते, आणि मी एक पायरी खाली सरकते.