नांव सांगण्याची घाई

अनोळखी माणसाचें नांव विचारण्यास आपण संकोचतों. वनस्पतीस मात्र न विचारतांच नांव देऊन मोकळे होतों. निदान आम्ही तरी तसे होतों. वनस्पतिशास्त्र शिकविण्यांत आमचीं सत्तावीस वर्षें गेलीं. एवढ्या काळांत विद्यार्थ्यानें पुढें केलेल्या पानास ‘ठाऊक नाहीं’ असें उत्तर आम्हीं फारच थोड्या वेळां दिलें असेल. हें ज्ञान नसून ती एक खोड होती, हें आम्हांस मालवणच्या खडपांवर कळलें.

माघी अमावास्येची ओहोटी लागली, म्हणजे सिंधुदुर्गासमोरचे कातळ उघडे पडतात आणि त्यांवरील डबक्यांत समुद्राची बाग दिसूं लागते. त्या बागेंतील आमची आवडती वनस्पति म्हणजे कॉलर्पा. तिचा हिरवा दोर खडकावरून सरपटत जातो; त्यास खालच्या अंगास मुळांसारखे तंतू आणि वरच्या अंगास उभे कोंब असतात. तिच्या ग्रीक नांवाचा अर्थही सरपटणारें देठ असाच आहे. मौज अशी, कीं हातभर पसरणारी ही वनस्पति म्हणजे एकच पेशी! आंत कोठेंही आडवी भिंत नाहीं. असंख्य केंद्रकें एकाच जीवरसांत नांदतात, आणि पेशीभित्तीपासून निघालेल्या बारीक तुळया हा पोकळ वाडा सांवरून धरतात. एखादा तुकडा तुटला, तर जखम चटकन् बुजते आणि तो तुकडा आपला निराळा संसार थाटतो.

हिच्या दोन जाती आम्ही वर्षानुवर्षें वेगळ्या शिकवीत आलों. जिच्या कोंबांवर द्राक्षांसारखे टपोरे मणी लगडतात ती रेसिमोझा. जिच्यावर इवल्या ढालींसारख्या चकत्या येतात ती पेल्टाटा. आमच्या महाविद्यालयाच्या संग्रहांत दोहोंचे नमुने आमच्याच सहीच्या चिठ्ठ्यांसह चिकटविलेले आहेत.

सुमारें दहा वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें डबक्यांतून एक लांब दोर अलगद सोडविला. “सर, हिला काय म्हणायचं?” आम्ही म्हणालों, “रेसिमोझा. द्राक्षांचे घोस दिसत नाहींत का?” तिनें दोराचें दुसरें टोंक वर धरलें. तें कपारीच्या सावलींत वाढलेलें होतें, आणि तेथें मण्यांऐवजीं ढाली होत्या. “मग हिला, सर?” दोर मध्यें कोठेंही तुटलेला नव्हता. इतर मुलें हंसलीं नाहींत. हंसलीं असतीं तर बरें झालें असतें. ‘एखादा अपवाद असेल’ असें पुटपुटून, भरतीचें निमित्त सांगून, आम्हीं मंडळी परत फिरविली. भरतीस अद्याप तासभर अवकाश होता.

घरीं येऊन ग्रंथ उघडले, तों त्या मुलीच्या हातांतील गोष्ट मुळींच नवी नव्हती. डॅनिश शास्त्रज्ञ बॉर्गेसेन १९२७-२८ मध्यें मुंबई इलाख्याचा किनारा हिंडून गेले. त्यांनीं त्यापूर्वींच, १९०७ सालीं, वेस्ट इंडीजमधील कॉलर्पांची ठेवण स्थळपरत्वें कशी पालटते तें लिहून ठेविलें होतें. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगांत तर प्रकाश मंद करतांच मण्यांच्या जागीं ढाली उगवल्या. म्हणजे दोन्ही जाती एकच म्हणाव्या काय? तेंही नव्हे. २०१४ सालीं जगभरच्या नमुन्यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली, तींत या द्राक्ष-ढालींच्या गोंधळांत ११ निरनिराळ्या जाती निघाल्या. आणि त्यांपैकीं ५ जाती इतकें रूप पालटणाऱ्या, कीं नुसत्या डोळ्यांवर विसंबणाऱ्याची फसगत व्हावयाचीच.

रेसिमोझा हें विशेषण प्रथम योजणारा फोर्सकॉल १७६३ सालीं येमेनमध्यें हिवतापानें वारला, तेव्हां तो अवघा ३१ वर्षांचा होता. त्याचीं टिपणें त्याचा सोबती नीबूर यानें १७७५ सालीं प्रसिद्ध केलीं. हा नीबूर त्या प्रवासांत मुंबईसही आला होता आणि घारापुरीचीं लेणीं पाहून गेला होता. फोर्सकॉलला आपलें लिखाण पुन्हां तपासण्याची सवड मिळाली नाहीं. आम्हांस सत्तावीस वर्षें मिळालीं, आणि तीं आम्हीं एका चिठ्ठीच्या भरंवशावर घालविलीं.

आतां विद्यार्थ्यांस आम्ही नांव शेवटीं सांगतों. पाणी किती खोल, ऊन किती, लाटांचा मार किती, हें आधीं लिहावयास लावतों. गेल्या उन्हाळ्यांत संग्रहांतील ते नमुनेही काढले. जुनी चिठ्ठी फाडावयाची नाहीं, नवी तिच्या शेजारीं चिकटवावयाची, असा आमच्या शास्त्राचा दंडक आहे. त्यामुळें आमची चूक आमच्या सहीनिशीं तेथें कायम राहिली आहे. नव्या चिठ्ठीवर आम्हीं लिहिलें : ‘कॉलर्पा. जात अनिश्चित.’

ती मुलगी आतां दुसऱ्या गांवीं अध्यापिका आहे. तिला हें पत्रानें कळविलें. तिच्या उत्तरांत शास्त्राविषयीं फारसें कांहीं नव्हतें. शेवटची ओळ मात्र आम्ही पुन्हां पुन्हां वाचली : “सर, त्या दिवशीं भरतीला वेळ होता, हें मलाही ठाऊक होतं.”