बेटावरील मोकळ्या वाटा

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या मुलीने मला एका निर्जन बेटावर नेऊन सोडले. बेट अर्थात संगणकाच्या पडद्यावरचे! जॉनथन ब्लो या अमेरिकन रचनाकाराने २०१६ साली प्रसिद्ध केलेला ‘द विटनेस’ हा कोड्यांचा खेळ तिने मजपुढे मांडला आणि ती आपल्या कामास निघून गेली.

कसे खेळावयाचे, हे सांगणारी एकही सूचना कोठे दिसेना. जागोजागी फलक, फलकावर चौकटींची जाळी, एका वाटोळ्या ठिपक्यापासून कडेच्या टोकापर्यंत रेघ ओढावयाची, एवढेच. जन्मभर सूचना देत आलेला मी प्राध्यापक. मला रागच आला. परंतु थोडे पुढे जाताच ओळीने मांडलेले काही फलक लागले. आरंभीच्या फलकांवर मोजकेच काळे-पांढरे चौकोन, पुढे थोडे अधिक. ती ओळ संपेपर्यंत माझे मलाच उमगले की, रेघेने काळ्यांची व पांढऱ्यांची ताटातूट करावयाची. शब्दावाचून नियम शिकविला गेला होता, आणि त्यात संदिग्धता म्हणून उरली नव्हती.

पुढे सारे बेट मोकळे. येथे अडले तर वाळवंटात जावे, तेथे कंटाळा आला तर दलदलीकडे वळावे. अकरा किरणांपैकी सात पेटविले तरी डोंगराच्या पोटात शिरता येते. ते सात कोणते, हे आपण ठरवावे. शिवाय कित्येक फलकांना एकाहून अधिक रेघा चालतात. नियम पाळला गेला की, रचणाऱ्याच्या मनात नसलेली रेघही फलक निमूटपणे मान्य करतो.

येथे मात्र माझा हात थांबला. फार वर्षांपूर्वी मी प्रश्न घातला होता : ‘मॅक्बेथच्या नाशास जबाबदार कोण? स्वतःचे मत द्या.’ एका विद्यार्थ्याने सारा दोष चेटकिणींना दिला; नाटकातले आधारही दाखविले. मी त्यास जेमतेम उत्तीर्ण केले. तो खोलीत येऊन हळूच म्हणाला, “सर, आपल्याला कोणते मत हवे होते?” मी त्या वेळी हसलो होतो.

आज वाटते, त्याने माझे सारे बिंग एका वाक्यात उघडे केले होते. स्वातंत्र्य दिल्याचा डौल मी मिरविला. पण गुण कशावर देणार, तो नियम लपविला आणि उत्तर तेवढे आधी ठरवून ठेविले. खेळ रचणाऱ्याने नेमके उलट केले होते. नियम कळल्यावाचून दिलेली निवड म्हणजे अंधारात दाखविलेल्या चार वाटा. माणूस चालत नाही, चाचपडतो.

संध्याकाळी मुलीने विचारले, “बाबा, किती किरण पेटले?”

“एकही नाही,” मी म्हणालो, आणि सहामाहीची प्रश्नपत्रिका पुन्हा लिहावयास बसलो. त्या विद्यार्थ्याचे गुण मात्र आता वाढविता येत नाहीत.