चेंडू सुटल्यानंतर

बैहरच्या मैदानावर मुलींना सॉफ्टबॉल शिकविताना वकिलीतलेच एक सत्य मला पुनःपुन्हा भेटते : आपला युक्तिवाद संपला तरी प्रतिपक्षाचे उत्तर यावयाचेच असते. महिलांच्या खेळात पिचर फलंदाजापासून अवघ्या ४३ फुटांवर उभी असते. ताशी ६० मैलांचा टोला अर्ध्या सेकंदात तिच्या तोंडाशी येतो. म्हणून मी सांगतो, आपल्या फेकीचे कौतुक पाहत राहू नका. चेंडू सुटताच पाय समतोल टेकवा, गुडघे किंचित वाकवा, ग्लोव्ह छातीपुढे आणा. तिसऱ्या बेसवर धावपटू असता कॅचरच्या हातून चेंडू निसटला, तर होम प्लेट राखावयास धावा. फेकणे ही कला खरी. परंतु फेकल्यावर जागेवर असणे, हे कर्तव्य होय.