हातचा नसलेला गुणाकार

अकरावीला लातूरला आलो तेव्हा शहरात दोनच आकड्यांना किंमत होती : मोंढ्यात तुरीच्या भावाला आणि शिकवणीत टक्क्यांना. माझे टक्के घसरलेले. गंजगोलाईजवळच्या एका आडत दुकानावरच्या खोलीत राहायचो. खाली मुनीमकाका रात्री उशिरापर्यंत खतावणी जुळवत बसलेले असायचे.

एका रात्री माझं तोंड बघून म्हणाले, "रडलालास कशाला? हे कर." हिशोबपट्टीच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी नऊ एकं लिहिली. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. याला यानंच गुणायचं.

नुसत्या एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभी बेरीज उजवीकडून एक, दोन, तीन करत मधल्या रकान्यात नवावर पोचली आणि तशीच उतरली. हातचा कुठंच आला नाही. १२३४५६७८९८७६५४३२१.

"आता दहा एकं घे." मधल्या रकान्यात दहा झाले, हातचा आला आणि डौल गेला : १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठच गळाला.

काका तरुणपणी नाशकात नोकरीला होते, देवळालीच्या कापरेकर मास्तरांची व्याख्यानं ऐकलेली. द. रा. कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ शाळामास्तर. असल्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' म्हटलं, कल्पना सुचली त्या रेल्वे स्थानकावरून. अंकांच्या बेरजेनं भाग जातो त्या संख्यांना 'हर्षद'. आमची संख्या दोन्हींत बसते : अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं नि:शेष भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. इथंही आठ नाही! १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर कापरेकर जगाला कळले, अंक उतरत्या-चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करत गेलं की बहुतेक चार अंकी संख्या जिथं येऊन थांबतात, त्या ६१७४ चा तर बोलबालाच झाला. मला मात्र ६१७४ जादूगाराच्या पेटीसारखा वाटतो. डेम्लो आपलं पोट उघडून दाखवतो.

त्या दोन वर्षांत पाऊस दगा देऊन गेला आणि खोलीचं भाडं थकलं. काकांनी ते माझ्या नावावर येणं म्हणून मांडलं, मागितलं कधीच नाही. पुढं नांदेडला एम.एस्सी. झालो, नोकरी लागली, तेव्हा नेऊन दिलं. त्यांनी पैपैचा हिशोब करून घेतलं, पावती फाडली, "खातं मिटलं" म्हणाले. त्या पट्टीचा विषय मी काढला तर हसून चहा सांगितला.

आता नांदेडच्या वर्गात दरवर्षी मी नऊ एकं फळ्यावर लिहितो. मागच्या खेपेला एका मुलीनं विचारलं, "सर, दहाच्या जागी सोळाचा पाया घेतला तर?" मग हातचा सोळा झाल्यावरच येणार, म्हणजे पंधरा एकांपर्यंत डौल टिकतो. काकांचं लहानपण सोळा आण्यांच्या रुपयात गेलेलं. ते असते तर त्यांनी पंधरा ओळींचा गुणाकार तिथंच मांडायला घेतला असता, आणि तिलाही बसवलं असतं.